भालेरावचा समुद्र आणि माझा चार्ट

भालेरावने समुद्र पाहिला नसता, तर मला समुद्र पाहण्याची काहीही गरज नव्हती.

तसा मी समाधानी माणूस होतो. चिंचवडच्या एका कारखान्यात प्लॅनिंग खात्यात नोकरी होती. पत्र्याच्या बैठ्या चाळीत दोन खोल्या होत्या, आणि त्या खोल्यांत बायको कमल, मुलगी सुनंदा आणि बार्शीहून आणलेली आई एवढी माणसं सुखाने नांदत होती. अडचण एकच होती. आमच्या दोन खोल्यांची एक भिंत सामाईक होती आणि तिच्या पलीकडे भालेराव राहत होता.

भालेराव आमच्याच कंपनीत टूलरूमला फिटर. मूळचा राजगुरुनगरकडचा. माणूस वाईट नव्हता, हीच त्याची सगळ्यात मोठी खोड. वाईट असता तर त्याला चार शिव्या देऊन मी मोकळा झालो असतो. चांगला असल्यामुळे नुसतं जळत बसावं लागायचं. दोघांनी एकाच दिवशी, एकाच माणसाकडून पपईची रोपं आणली होती. त्याच्या दारातली पपई लगडली आणि माझी नुसतीच उंच झाली. (वर तो रोज एक पपई आमच्याकडे पाठवायचा. गोड असायची. त्यामुळे आणखी जळायला व्हायचं.) त्याचा रेडिओ स्पष्ट बोलायचा, माझा रेडिओ सतत काहीतरी तळल्यासारखा आवाज करायचा, आणि बातम्या मी भिंतीला कान लावून त्याच्याच ऐकायचो.

तर त्या काळी मे महिन्यात आमची कंपनी आठ-दहा दिवस बंद ठेवून मशिनांची दुरुस्ती करत. सगळ्यांना एकदम सक्तीची रजा. त्याला शटडाऊन म्हणत. आम्ही त्या दिवसांत घराला रंग लावायचो, कॉट उन्हात टाकायचो, ढेकूण मारायचो. भालेरावने मात्र एका शटडाऊनला सकाळी उठून चहा पिता पिता बायकोला सांगितलं, "चल, कुठंतरी जाऊ," आणि बायकापोरांना घेऊन तो थेट हर्णैला गेला. अर्ध्या वाटेपर्यंत एसटीत उभा. तिथे एका कोळ्याच्या ओट्यावर मुक्काम. आणि समुद्र पाहून परत.

परत आला तो पार रापलेला, आणि का कोण जाणे, मला जरा उंचही वाटला. चाळीतल्या सगळ्या बायका संध्याकाळी त्याच्या दारात जमल्या. विमलवहिनी, म्हणजे त्याची बायको, सांगत होती, की पाणी कसं पायाखालची वाळू ओढून नेतं आणि आपण उभ्याउभ्या खचतो. कमल पुढे बसून ऐकत होती. कमलच्या माहेरी पाणी म्हणजे विहिरीत वाकून बघितल्यावर तळाशी चमकतं ते. समुद्र तिने पाहिलेला नव्हता. मीही नव्हता, पण मला त्याचं काही वाटत नव्हतं, निदान त्या संध्याकाळपर्यंत.

रात्रीच्या भाकऱ्या थापता थापता ती म्हणाली, "मला समुद्र बघायचाय."

लग्न झाल्यापासून तिने एवढं सरळ काही मागितलं नव्हतं. साडी मागायची तरी आधी शेजारणीच्या साडीचं वर्णन करून मागायची. मला ते लागलं. "बघू," म्हणायच्या ऐवजी मी म्हणालो, "पुढच्या शटडाऊनला. शब्द." शब्द दिला तो तिच्यासाठी दिला, हे खरं. पण देताना डोळ्यांसमोर भालेरावच आला, हेही खरं.

आता भालेरावसारखं चहा पिता पिता निघायचं तर मग मी प्लॅनिंग खात्यात कशाला होतो? त्याच सुमारास कंपनीने मला एका प्रशिक्षणाला पाठवलं होतं. तिथे एका गोऱ्यागोमट्या साहेबांनी फळ्यावर गोल काढले, गोलांना बाण जोडले, आणि सांगितलं की जगातलं कुठलंही काम, मग ते धरण असो की कारखाना, असं गोलांत आणि बाणांत बसवता येतं. कोणतं काम कशाच्या आधी, कशाच्या नंतर. आणि त्या बाणांतला जो सगळ्यात लांब रस्ता, तो क्रिटिकल पाथ. त्या रस्त्यावरचं एक काम लांबलं की सगळं लांबलं. मी भारावून गेलो. कंपनीत येऊन तसा एक चार्ट काढून मशिनशॉपमध्ये लावला, तर फोरमनने तो काढून त्यावर डबा खाल्ला. त्यामुळे ही विद्या कुठेतरी सिद्ध करून दाखवायला मी टपलेलोच होतो. घरच्यांना त्यावर डबा खाता येणार नव्हता.

ध्येय स्पष्ट होतं. जायचं हर्णैलाच, म्हणजे तुलना नीट होईल. पण भालेराव उभा राहून गेला, तर आपण आरक्षण करून, खिडकीजवळ बसून जायचं. तो ओट्यावर झोपला, तर आपली खोली अशी हवी की जिच्या खिडकीतून समुद्र दिसला पाहिजे. समुद्र तोच, पण आमचा आरक्षित. आमच्या साहेबांच्या ओळखीने मी तिथल्या एका खोलीवाल्याला पत्र टाकलं, आणि "खिडकी समुद्राकडे आहे" असं त्याचं उत्तर आलं, तेव्हा ते पत्र भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात मी घरात तीनदा वाचलं.

मग चार्ट. ड्रॉइंग ऑफिसमधून एका जुन्या निळ्या प्रिंटचा भलामोठा कागद आणला, त्याच्या पाठीवर गोल आणि बाण काढले, आणि बाहेरच्या खोलीत लावला. जागेसाठी तिथली देवाच्या चित्राची दिनदर्शिका उतरवावी लागली. तिच्या जागी, चार्टच्या डोक्यावर, मी आमच्या खात्याचं कॅलेंडर लावलं.

इथे थोडं सांगायला हवं. आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. आणि आमच्या प्लॅनिंग खात्याच्या कॅलेंडरवर फक्त कामाचे दिवस असायचे. त्यांना ओळीने नंबर. तारीख नाही, वार नाही. गुरुवारी काम नाही म्हणून गुरुवारला नंबरही नाही. बुधवार संपला की पुढचं घर थेट शुक्रवारचं. खात्यात आम्ही बोलायचोही तसंच. अमुक माल कधी मिळणार, तर दिवस एकशे बाराला. तारखांमध्ये बोलणारा माणूस आम्हाला जरा अडाणी वाटायचा.

आई सकाळी पूजा आटोपून त्या कॅलेंडरपुढे बराच वेळ उभी राहिली. ती दर गुरुवारी उपास धरायची.

"आरं दिगू, ह्यात गुरुवार कुठाय?"

"चार्टवर गुरुवार नसतो, आई."

"मग उपास कवा धरू मी?"

मी तिला कामाचे दिवस आणि बिनकामाचे दिवस यांतला फरक समजावला. ती म्हणाली, तिला बिनकामाचा दिवस कधी आलेलाच नाही. आणि त्या आठवड्यापासून चुकू नये म्हणून ती बुधवारी आणि शुक्रवारी, दोन्ही दिवशी उपास करू लागली. साबुदाण्याचा खप वाढला.

प्रत्येकाला कामं वाटून दिली. फराळ कमलकडे, औषधं आईकडे, बेडिंग बांधायच्या दोऱ्या सुनंदाकडे, आणि सर्वांवर देखरेख माझ्याकडे. दर गुरुवारी संध्याकाळी आढावा बैठक. (बैठक चार्टवर दाखवता आली नाही, कारण ती गुरुवारी होती.) बैठकीत कमलने उभं राहून प्रगती सांगावी अशी माझी अपेक्षा होती. ती बसून भाजी निवडत सांगायची. "शेव झाली?" "नाही." "का?" "बेसन आणलं नाही तुम्ही." असं दोन बैठकांत झाल्यावर देखरेखीचा बाण मी जरा बारीक केला.

पण खरा धक्का क्रिटिकल पाथने दिला. मला वाटलं होतं तो एसटीच्या आरक्षणातून जाईल, किंवा खोलीतून. हिशेब केला तर तो निघाला कुरडयांतून. कमलने बजावलं होतं की वर्षाच्या कुरडया झाल्याशिवाय ती गाव सोडणार नाही, कारण परत येईपर्यंत वळवाचा पाऊस आला तर वर्षभर कुरडई नाही. आणि कुरडईला आधी गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, शिजवायचा, घालायच्या, वाळवायच्या. धरण बांधायला सोपं गेलं असतं. साहेबांनी शिकवलं होतं, की क्रिटिकल कामावर माणसं वाढवली की दिवस कमी होतात. मी सगळ्या घराला त्या कामाला लावलं. आम्ही चौघं पातेल्याभोवती बसलो. गहू भिजत होते. आम्ही बघत होतो. शेवटी सुनंदा म्हणाली, "बाबा, आता मी काय करू?"

माणसांनी वेग वाढत नाही म्हणून मी गव्हात कोमट पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी सगळी चाळ नाक धरून आमच्या दारावरून जाऊ लागली. कमलने ते पातेलं उचललं, मागच्या गटारीत ओतलं, आणि नवीन गहू भिजत घातले. विमलवहिनीच्या कुरडया त्याच दिवशी बाहेरच्या खाटेवर पांढऱ्याशुभ्र वाळत होत्या. मी खिडकी लावून घेतली.

त्याच संध्याकाळी भालेराव पपई द्यायला आला आणि चार्टपुढे थबकला. हात मागे बांधून त्याने सगळे बाण पाहिले.

"लई भारी काम हाय, राव. कंपनीनं घरी दिलं व्हय?"

मी म्हणालो, खासगी आहे. चार्टवर मी गावाचं नाव लिहिलेलं नव्हतं. शेवटच्या गोलात नुसतं 'ठिकाण' असं होतं, कारण हा माणूस वाचून चहा पिता पिता आमच्याआधी निघायचा. पण आतून कमलने सांगून टाकलं, "हर्णैला जाणार आहोत, भाऊजी." भालेरावला मनापासून आनंद झाला. तिथली वाळू कुठे मऊ आहे आणि संध्याकाळी मासळीचा लिलाव कसा असतो, हे त्याने तिला सांगितलं. वर आमच्या कुरडया वाळवायला स्वतःची खाटही देऊ केली. मी विचारलं, तुमचं काय ठरलंय यंदा? तर म्हणे, "ठरवायचं काय त्यात? त्या दिवशी बघू." मला इतकं बरं वाटलं की त्याची पपई मी एकट्याने संपवली.

आरक्षण स्वारगेटहून करायचं होतं. ते काम मी कमलच्या भावाला, शंकरला, दिलं. तो पुण्यातच राहायचा. त्याला मी चार्टची छोटी नक्कल काढून दिली आणि नीट समजावलं, की आज दिवस एक, निघायचं दिवस तेराला. शटडाऊन खरं तर आदल्या गुरुवारीच सुरू होत होतं, पण चार्टवर गुरुवार नसल्यामुळे आम्ही शुक्रवारी निघणार होतो. शंकरने कागद घडी घालून खिशात ठेवला. पुढच्या आठवड्यात तो तिकिटं घेऊन आला. मी सगळ्यात आधी जागांचे नंबर पाहिले. दोन खिडक्या! ताबडतोब चार्टवरच्या त्या गोलात लाल पेन्सिलीने बरोबरची खूण केली आणि तिकिटं ट्रंकेत ठेवून दिली. तारीख बघायचं मनातही आलं नाही, कारण तारखा बघणाऱ्यांतला मी नव्हतो.

कुरडया वाळल्या. फराळ झाला. चार्ट खालपासून वरपर्यंत लाल झाला. शुक्रवारी सकाळी आम्ही स्वारगेटला गाडीपुढे उभे राहिलो तेव्हा मला आयुष्यात पहिल्यांदा भालेरावची कीव आली. शंकर निरोप द्यायला आला होता. कमल नवी साडी नेसली होती आणि गाडीवरची पाटी पुन्हा पुन्हा वाचत होती. कंडक्टरने तिकिटं हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली.

"साहेब, ही बुधवारची हायत."

"बुधवारची कशी असतील?"

"ते मला काय ठाव? बुधवारी गाडी तुमच्या खिडक्या मोकळ्या घेऊन गेली बघा."

शंकर घाबरून म्हणाला, "दाजी, तुम्ही लिहून दिलं तसंच मोजलं मी. आजपासून तेरावा दिवस." मोजलं होतं त्याने बरोबरच, पण घरच्या दिनदर्शिकेवर. मी वगळलेले दोन्ही गुरुवार त्याच्या लेखी दिवसच होते, जसे ते सगळ्या जगाच्या लेखी असतात. आणि मी, मूर्खासारखा, तिथेच फलाटावर त्याला कामाचे दिवस आणि बिनकामाचे दिवस यांतला फरक समजावायला लागलो. गाडी खचाखच भरली होती. आई बेडिंगवर बसून राहिली. तिचा त्या दिवशी चुकून धरलेला उपास होता.

कमल गाडीकडे बघत होती. गाडी हलली, वळली, फाटकातून बाहेर गेली, तरी ती त्याच दिशेला बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे आपण जायचं नाही?"

भांडली असती तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटलं, आणि ते वाटत असतानाच मागून ओळखीची हाक आली. फाटकाबाहेर कांद्याच्या पोत्यांनी भरलेला एक ट्रक उभा होता आणि त्यातून भालेराव उतरत होता. चाकणच्या बाजारातून कांदा घेऊन दापोलीकडे निघालेला, येताना आंबे भरून परत येणारा ट्रक. ड्रायव्हर त्याच्या गावाकडचा. सकाळी चहा पिता पिता कळलं म्हणे की ट्रक निघालाय, म्हणून हे निघाले. वर पोत्यांवर विमलवहिनी आणि पोरं ऐटीत बसली होती. स्वारगेटला पान खायला थांबले, तर आम्ही दिसलो.

त्याला सगळं कळायला वेळ लागला नाही. तो हसला नाही. हसला असता तर मला उपकार वाटले असते.

"चला की मग, राव. कांद्यावर लई जागा हाय. आजी पुढं केबिनीत बसतील."

आता बघा. समोर रस्ता होता, वाहन होतं, हर्णैची खोली आमच्या नावाने राखून ठेवलेली होती. पण भालेरावच्या ट्रकमधून, भालेरावच्या मेहरबानीने, कांद्यावर बसून समुद्राला जायचं? वर्षभर चार्ट काढला तो यासाठी? मी घसा खाकरून म्हणालो, "नको. आम्ही तिकिटं बदलून घेतो. आम्हाला खिडकीची जागा हवी आहे."

कमलने माझ्याकडे पाहिलं. मग शांतपणे फराळाचा डबा उचलला.

"तुम्ही बसा खिडकीत," ती म्हणाली. "मी समुद्र बघून येते."

पुढचं सगळं फार लवकर झालं. सुनंदा वर चढली. आईला ड्रायव्हरने, शंकरने आणि भालेरावने मिळून केबिनीत बसवलं. एरवी रिक्षात बसायला घाबरणारी आई तिथे राणीसारखी बसली. मी खोलीवाल्याचं पत्र कमलच्या हातात दिलं आणि म्हणालो, उद्याच येतो, तुमच्या मागोमाग पोचतो. पोत्यांवरून सुनंदाने हात हलवला. ट्रक गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की त्या पत्रातल्या खोलीत आता भालेरावही राहणार. कमल त्यांना ओट्यावर थोडीच झोपू देणार होती?

खिडकीवरचा बाबू म्हणाला, आरक्षण नाही, पण उद्या सकाळच्या गाडीला उभं राहून जाता येईल. मी म्हणालो, उभं नाही. खिडकी. तो म्हणाला, खिडकी मग शटडाऊनच्या शेवटाला. (त्याला शटडाऊन माहीत नव्हतं, त्याने तारीख सांगितली, आणि या वेळी मी ती नीट ऐकली.) मी ते तिकीट काढलं.

ते दिवस मी चाळीत एकट्याने काढले. सगळी दारं बंद होती. मी सुधारित चार्ट काढला. त्यात एकच गोल होता आणि एकच बाण. दिवसभर मला भालेराव दिसायचा. माझ्या खोलीत, माझ्या खिडकीत बसून, माझ्या समुद्राकडे बघत तो चहा पीत असणार. माझ्याच बायकोने केलेली शेव खात असणार. मी मोडक्या कुरडया तळून खाल्ल्या आणि भिंतीला कान लावला. रेडिओही बंद होता. मत्सर करायला माणूस शेजारी लागतो, हे मला त्या आठवड्यात कळलं. तो दूर असला की फार कष्ट पडतात.

शेवटी तो दिवस आला. मी खिडकीत बसलो. घाट उतरताना वारा लागत होता, बाहेर जांभळाची झाडं होती, आणि मी अगदी आरामात होतो. महाडच्या अलीकडे गाडी चहाला थांबली. मी हॉटेलच्या बाकावर बसलो, आणि समोर, रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला, पुण्याकडे तोंड करून तो ट्रक उभा होता.

आंब्याच्या पेट्यांवरून सुनंदाने मला आधी पाहिलं. आई केबिनीत झोपली होती. भालेराव खाली उतरून आला आणि मनापासून म्हणाला, "आरं, कुठं निघालास, राव?"

"हर्णैला."

"न्हाई गावायचं आता कुणी तिथं. एक दिवस आधीच निघालो आमी. मन भरलं."

मन भरलं म्हणून निघाले! कमल पेट्यांवरून खाली वाकली. ती ओळखू येईना. चेहरा उन्हाने काळवंडला होता, केस खारट वाऱ्याने विस्कटले होते, आणि ती हसत होती. मी गाडीकडे पाहिलं. माझी खिडकी तिथून दिसत होती. समुद्र अजून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होता आणि परवा मशिनं सुरू व्हायची होती. एकट्याने जाऊन एकट्याने समुद्र बघायचा आणि उभ्याउभ्या परत यायचं? तेवढ्यात आई जागी झाली आणि म्हणाली, "दिगू, चल वर. आंबे उतरवायला माणूस पायजेच हाय." मी एसटीतून माझी पिशवी घेतली आणि ट्रकवर चढलो. खिडकी रिकामीच पुढे गेली.

वाटभर सगळे समुद्राबद्दल बोलत होते. मला वाईट वाटू नये म्हणून हळू बोलत होते, आणि मग विसरून मोठ्याने बोलत होते. आई म्हणाली, काठावर पाण्यात बसून तिने गुरुवारचा उपास धरला, खरा गुरुवारचा. सुनंदाला खेकडे पकडता येऊ लागले होते. भालेरावने मध्येच सांगितलं, "तुजी खिडकी झकास हाय हां, राव," आणि त्यात टोमणा अजिबात नव्हता, त्यामुळे मला तो दुप्पट बसला.

मग पोरं पेंगली. ट्रक घाट चढू लागला. मी कमलच्या शेजारी सरकलो.

"कसा होता?"

तिने विचार केला. "तुम्ही असतात तर..."

मी आशेने पुढे झुकलो.

"...तुम्ही असतात तर लाटांना नंबर टाकले असतेत."

आणि ती पुन्हा सांगायला लागली. पहिल्या दिवशी ती काठावर नुसती उभी राहिली. दुसऱ्या दिवशी चपला काढल्या. तिसऱ्या दिवशी विमलवहिनीचा हात धरून गुडघ्यापर्यंत गेली, आणि पाणी पायाखालची वाळू ओढून नेऊ लागलं तशी ओरडली, आणि मग दोघी तिथेच हसत बसल्या. हे सांगताना तिचे हात आपोआप हलत होते, लाट कशी येते आणि कशी जाते ते दाखवत. मला बरं वाटत होतं. तिला दिलेला शब्द मी पाळला नव्हता, पण तो पाळला गेला होता. घाट संपला तरी ती सांगतच होती, आणि मी ऐकतच होतो.

मात्र एका बाबतीत तरी त्या प्रवासाने माझी कायमची सोय केली. तोवर कुणावर जळायचं झालं तर मला भिंतीपलीकडे बघावं लागायचं. आता समुद्र पाहिलेलं माणूस घरातच आहे.